एका शासकीय काटकसरीचा गौरव

कोविडची साथ ओसरली आणि तिच्या हिशेबाची वहीही मिटली. व्हेंटिलेटर किती आले, त्यांतले किती बंद पडले, रेमडेसिव्हिर कोणी दडवले, कोणत्या खरेदीत कोणाचे हात ओले झाले, यावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. उधळपट्टीची अशी सविस्तर चर्चा होत असताना काटकसरीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही, आणि हा अन्याय आहे. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत साथीपुढे जी पहिली फळी उभी राहिली, तिच्याइतकी स्वस्त फळी शोधून सापडायची नाही. आपला पैसा सरकारने जपून वापरावा असे ज्यांना ज्यांना वाटते, त्यांनी या फळीचा जमाखर्च एकदा नीट पाहायला हवा.

ही फळी म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, आशाताई. राज्यात त्या सुमारे 70 हजार आहेत. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असे ठरले. योजना आखणाऱ्यांची दूरदृष्टी निवडीच्या अटींतच दिसते. आशा त्याच गावची रहिवासी हवी. विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित हवी. वय शक्यतो 25 ते 45 हवे. कारणही रास्त होते. लग्न होऊन परगावी जाणारी मुलगी घेतली, तर तिला शिकवलेले वाया जाणार. पण या अटींतून न मागता जे मिळाले, ते अधिक मोलाचे. या वयाची गावातली बाई म्हणजे घरात शाळकरी मुले, अंथरूण धरलेली सासू, दावणीला एखादी गाय आणि डोक्यावर बचतगटाचे कर्ज. ती कुठे जाणार? आणि जी कुठेच जाऊ शकत नाही, तिला टिकवायला फार पैसे मोजावे लागत नाहीत. माणसे सोडून जाऊ नयेत म्हणून मोठमोठ्या कंपन्या जो खर्च करतात, तो आपल्या आरोग्य खात्याने परस्पर तिच्या संसारावर टाकला.

दुसरी हुशारी तिच्या दर्जात आहे. आशा ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नसतो, कामागणिक मोबदला असतो. आणि एकदा पगार नाही म्हटले, की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पेन्शन हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत. गावातल्या गरोदर बायकांना बाळंतपणासाठी दवाखान्यात नेणे हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. तिला स्वतःला मात्र बाळंतपणाची भरपगारी रजा नाही, कारण मुळात पगारच नाही. यात विसंगती शोधणाऱ्यांनी एवढे तरी कबूल करावे, की युक्तिवादात कुठेही फट ठेवलेली नाही.

मोबदल्याचे दरही पाहण्यासारखे आहेत. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी 42 दिवसांत 6 वेळा जायचे, बाळाचे वजन करायचे, ताप बघायचा, बेंबी कोरडी आहे का ते पाहायचे, अंगावर पाजताना बाळाला कसे धरावे ते आईला दाखवायचे, आणि सहाही भेटी पूर्ण झाल्या की 250 रुपये घ्यायचे. एका भेटीला 42 रुपयेही पडत नाहीत. मुलाचे पहिल्या वर्षातले सगळे डोस पूर्ण करून घेतले की 100 रुपये. बैठका, याद्या, सर्व्हे, रजिस्टरे अशा कधीच न संपणाऱ्या कामांसाठी 2018 पासून साथीच्या काळातही केंद्राचे महिना 2000 रुपये मिळत होते. प्रत्येक कामाचा फॉर्म भरायचा, त्यावर सिस्टरची सही घ्यायची, आशांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक तो तपासणार, मग तो वर जाणार. पैसे यायचे तेव्हा येतात.

अशी सिद्धता असताना मार्च 2020 उजाडला. मुंबई-पुण्याहून माणसे मिळेल त्या वाहनाने आणि वाहन नसेल तर पायी गावाकडे निघाली. गावाच्या वेशीवर बांबू आडवे पडले. बांबूच्या आत कोण आला, कुठून आला, कोणाच्या घरी उतरला, त्याच्या हातावर शिक्का आहे का, त्याच्या दारावर कागद चिकटवला का, चौदा दिवस तो घरात थांबतो की पारावर येऊन बसतो, हे सगळे पाहायला माणूस हवा होता. कोकणात गणपतीला चाकरमानी आले, तेव्हाही हवा होता. तो माणूस आधीपासूनच गावात होता, गावची सून होता, आणि प्रत्येक घरात चुलीपर्यंत त्याला मुभा होती. नवी भरती नाही, जाहिरात नाही, मुलाखती नाहीत. राज्यापुढे शतकातले सर्वांत मोठे आरोग्यसंकट उभे होते आणि ते सांभाळायला लागणारी यंत्रणा आधीच हजर होती. तिला फक्त फोन करायचा होता.

या जादा कामाचे केंद्राने महिना 1000 रुपये ठरवले. दिवसाला 33 रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवर खड्डा खणणाऱ्या मजुराचा दिवसाचा दर 238 रुपये होता. यावरून खणण्याचे काम अधिक धोक्याचे आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. खड्डा खणणाऱ्याला कायद्याने मजूर मानले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक बारकावा सहसा सुटतो. आशाताईंची मिळकत कामागणिक असते, आणि साथीत नेमकी तीच कामे थंडावली. लसीकरणाची सत्रे पुढे गेली, कुटुंबनियोजनाची शिबिरे थांबली, गावात आरोग्य आणि पोषणाचा दिवस भरेनासा झाला. म्हणजे ज्या कामाचा दर ठरलेला होता ते काम घटले आणि ज्याला जवळजवळ दर नव्हता ते दहा पटींनी वाढले. चालण्याचे तास वाढले आणि मिळकत आकसली, असा अनुभव कित्येकींना आला. पैसा आणि श्रम यांचा संबंध इतक्या स्वच्छपणे तोडून दाखवणे एरवी अर्थशास्त्राच्या पुस्तकातही अवघड असते. राज्य सरकारने 2020 च्या मध्यावर मोबदल्यात 2000 रुपयांची भर घातली, हे प्रांजळपणे नोंदवायला हवे. हेही नोंदवायला हवे, की ती भर मागण्या, निवेदने आणि मोर्चे यांच्या मागून आली, पुढून नाही.

आशाताईंचा त्या काळातला दिवस जवळून पाहिला की या व्यवस्थेची खरी कारागिरी कळते. पहाटे पाचला चूल पेटते, कारण आठनंतर घरी परत येता येईल याची खात्री नसते. भाकरी आणि कालवण झाकून ठेवायचे, सासूची बीपीची गोळी वाटीत काढून उशाशी ठेवायची, मोठ्या मुलीला दूध तापवायला बजावायचे. पिशवीत थर्मल गन, ऑक्सिमीटर, रजिस्टर आणि दोन पेने. एक कोणीतरी ठेवून घेणार हे धरलेले. मास्क मिळाले होते, पण ते किती दिवस पुरायचे? कित्येकींनी मग ओढणीचा किंवा पदराचाच मास्क केला.

पहिल्या घरी म्हातारबाबा ओट्यावर बसलेले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 84. घरातल्यांचे चेहरे पांढरे पडतात. ताई बोट हातात घेतात. ते सकाळच्या गारठ्याने थंडगार पडलेले असते. दोन्ही तळव्यांत धरून त्या ते चोळतात, बाबांना उन्हात सरकवतात, पुन्हा लावतात. 96. ही युक्ती कोणा परिपत्रकाने शिकवली की अनुभवाने, कोण जाणे. पण ते चोळणे म्हणजे ज्या आजारात चार हात लांब उभे राहायचे त्या आजारात कोणाचा तरी हात हातात घेणे होते, आणि त्याचा दर कुठल्याही तक्त्यात नाही. ऑक्सिमीटरचे बारके सेल संपले की ते किराणा दुकानातून आणायचे. त्याची पावती जोडायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

पुढच्या घरात दार अर्धेच उघडते. “वहिनी, आमच्यात कुणालाच काही नाही. तुम्ही पुढं चला.” आतून खोकल्याचा आवाज येत असतो. “नाव लिहू नका, पोरीचं लग्न ठरलंय,” अशी गयावया दुसरीकडे. तिसरीकडे “तुम्हीच दहा घरं फिरून आमच्या दारात रोग आणता” असे तोंडावर सुनावले जाते. बाहेरून आलेला अधिकारी असता, तर नोटीस काढून मोकळा झाला असता. ही गावचीच. ज्याचे नाव लिहायचे तो चुलत दीर, ज्याच्या दारावर कागद चिकटवायचा ती मुलाच्या मित्राची आई. साथ गेल्यावरही याच गावात, याच नळावर, याच हळदी-कुंकवाला तिला जायचे आहे. गावातली पत पणाला लावून मिळवलेली माहिती आपल्या संध्याकाळच्या बातम्यांत राज्याचा आकडा होऊन यायची, आणि आपण चहा घेताना ती वाढली की घटली ते पाहायचो.

दुपारी घरी यायचे ते परसदाराने. न्हाणीत मुलीने पाणी तापवून ठेवलेले. साडी गरम पाण्यात बुडवायची, डोक्यावरून अंघोळ करायची, आणि तोवर तीन वर्षांचा धाकटा न्हाणीचे दार बडवत असतो. आई बाहेर येईपर्यंत त्याला लांब धरून ठेवायचे काम अकरा वर्षांच्या मुलीकडे. तिचे स्वतःचे काम वेगळेच आहे: शाळा बंद, शिक्षण सुरू. तिचा अभ्यास गुरुजींनी मोबाइलवर पाठवलेला असतो आणि घरात मोबाइल एकच. तो आईबरोबर सर्व्हेला गेलेला. आई घरी येते तेव्हा त्यावर गटप्रवर्तकेचा निरोप येऊन पडलेला असतो: पाचच्या आत आजचा आकडा टाका. गटप्रवर्तक बिचारी तरी काय करणार, तिलाही तालुक्याहून तोच निरोप आलेला, आणि तीही कायम नोकरीत नाही. मग ओल्या केसांनी आई आकडे टाकते, मुलगी पलीकडे वही उघडून फोन मोकळा व्हायची वाट पाहते. त्या वर्षात अशा कित्येक मुलींचा अभ्यास बुडाला. आशायोजनेच्या खर्चात तो धरलेला नाही. धरला असता तर योजना इतकी स्वस्त दिसली नसती.

याच सुमारास शासनाची ती गाजलेली मोहीम आली. 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असे पथक, रोज 50 घरे, घरातल्या प्रत्येकाचे तापमान, प्रत्येकाचा ऑक्सिजन, कोणाला मधुमेह आहे, कोणाला रक्तदाब आहे याची नोंद. मोहीम चांगली होती. वेळेत सापडल्यामुळे माणसे वाचली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिचे नावही उत्तम. फक्त रोज 50 कुटुंबांची जबाबदारी घेऊन फिरणाऱ्या बाईचे स्वतःचे एकावन्नावे कुटुंब त्या वेळात कोणाची जबाबदारी, हे नावात मावले नाही.

त्याच सप्टेंबरात केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर केलेल्या वेळवापर सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी अशी घरची बिनमोबदल्याची कामे दिवसभरात करणाऱ्या बायका 81 टक्क्यांहून जास्त, पुरुष 26 टक्के. जे करतात त्यांतही बाई दिवसाला 299 मिनिटे करते, पुरुष 97. हे सगळे साथीच्या आधीचे, म्हणजे शाळा उघड्या होत्या, खानावळी चालू होत्या आणि नवरा दिवसभर घरात नव्हता तेव्हाचे. टाळेबंदीत कारखाने बंद पडून पुरुष घरी आले तेव्हा घरात दोन हात वाढतील, असे कोणाला वाटले असेल, तर दोन हातांबरोबर एक पोटही येते आणि ते दिवसातून तीनदा जेवते हे तो विसरला. या 299 मिनिटांकडे तक्रार म्हणून पाहण्याची सवय आपण सोडून द्यावी. आशायोजनेच्या दृष्टीने तो भांडवलाचा आकडा आहे. पाच तास फुकट राबायची जिची सवय पक्की झालेली आहे, तिलाच आणखी सहा तास 33 रुपयांत राबायला सांगता येते. घराने जे आधी फुकट करून ठेवले, त्यावर सरकारने आपला दर ठरवला.

शहरांनीही या कामी मागे राहायचे नाही, असे ठरवलेले दिसले. सोसायट्यांच्या फाटकांवर मोलकरणींना प्रवेशबंदीच्या पाट्या लागल्या. अनेक घरांनी महिना-दोन महिने बसून पगार दिला, त्यांचे ऋण मान्य करायला हवे. मग तो पगार अर्धा झाला, मग ‘बोलावू तेव्हा या’ असा झाला. आपली भांडी आपणच घासताना कित्येकांना श्रमप्रतिष्ठेचा साक्षात्कार झाला आणि त्यांनी त्याचे फोटोही टाकले. जिच्या श्रमांना ही नवी प्रतिष्ठा मिळाली, ती त्या दिवसांत दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला दहा बाय दहाच्या खोलीत रेशनच्या तांदळाचे दिवस मोजत होती. जनधन खाते असेल तर तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले. पुढे 21 ऑक्टोबर 2020 पासून सर्व महिलांना लोकलने जायची परवानगी मिळाली, सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. सकाळी सातला पहिल्या घरची भांडी घासायला हजर व्हावे लागणारीने या वेळापत्रकाचे काय करायचे, हा तिचा प्रश्न. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा नोंदणीकृत घरेलू कामगारांना शासनाने 1500 रुपये जाहीर केले. घरकाम करणाऱ्या किती बायका कुठल्या मंडळाकडे नोंदलेल्या असतात, हे ज्याच्या त्याच्या घरी येणाऱ्या मावशींना विचारून पाहावे. बहुतेक घरांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जाईल.

पण पुन्हा गावाकडे वळू, कारण कौतुकाचा मुख्य भाग अजून बाकी आहे. राज्यकर्त्यांना आशाताईंची जाणीवच नव्हती, असे म्हणणे खोटे ठरेल. 22 मार्च 2020 च्या संध्याकाळी पाच वाजता आपण सर्वांनी थाळ्या वाजवल्या. 3 मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलांच्या पाकळ्या टाकल्या. वाड्यावस्त्यांवर त्या पडल्या नाहीत, पण हेलिकॉप्टरने तरी किती ठिकाणी जावे? शिवाय मार्चच्या अखेरीसच केंद्राने 50 लाखांचा विमा जाहीर केला आणि त्यात आशांचा आवर्जून समावेश केला. कोविडची सेवा बजावताना मृत्यू आला, आणि तो तसाच आला हे कागदोपत्री सिद्ध झाले, तर वारसांना 50 लाख. महिना 1000 रुपये या दराने तेवढी रक्कम साठवायला 416 वर्षे आणि 8 महिने लागतात. जिवंत बाईच्या बाबतीत हात आखडता आणि मेलेल्या बाईच्या बाबतीत सढळ, असे या धोरणाचे वर्णन काही कडवट माणसे करतील. मी एवढेच म्हणेन, की तिच्या जिवाची किंमत शासनाला नेमकी माहीत होती याचा हा लेखी पुरावा आहे. ती किंमत देण्याची वेळ कोणती, याबद्दलच काय तो मतभेद.

मग जून 2021 आला. दुसरी लाट ज्यांनी गावात पाहिली, त्यांना तो एप्रिल-मे आठवतो. एकेका गल्लीत दोन-दोन तिरड्या. ती लाट जरा ओसरते न ओसरते तोच, 15 जूनला राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. आपण सुजाण नागरिक चांगलेच दुखावलो. अशा वेळी संप? माणुसकी म्हणून काही आहे की नाही? हा प्रश्न वाजवी होता आणि त्याचे वाजवी उत्तरही होते: वर्षभर चाललेला प्रकार म्हणजे माणुसकीच होती, आणि ती थांबली तेव्हाच पहिल्यांदा तिची मोजणी करायची गरज पडली. एरवी जिचे काम कोणाला दिसत नव्हते, ती नऊ दिवस कामावर आली नाही आणि खालून वर जाणारा आकडा अडला. 23 जूनला तडजोड झाली. 1 जुलैपासून महिना 1000 रुपयांची वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता. भत्त्याचे दिवसाला साधारण 17 रुपये पडतात. शिवाय स्मार्टफोन द्यायचेही कबूल झाले, म्हणजे आकडा अधिक वेगाने वर जाईल.

मान मिळाला नाही, अशी तक्रार मात्र आता कोणाला करता येणार नाही. 22 मे 2022 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. जगभरातून सहाच पुरस्कार, त्यांतला एक त्यांचा. दिल्लीपासून गल्लीपर्यंत अभिनंदन झाले, आणि ते पटण्यासारखे होते. जगाने ज्याला नेतृत्व म्हटले ते आपल्याकडे खरोखरच होते. या जागतिक नेत्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या भेटीला गेल्या, सहा भेटी पूर्ण झाल्याशिवाय 250 रुपयांचा फॉर्म भरता येत नाही म्हणून. पुढे याच बायका वाढीव मोबदल्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर उन्हात बसून राहिल्या, मुलांना कोणाच्या तरी घरी ठेवून. मार्च 2024 मध्ये राज्याने त्यांना दरमहा 5000 रुपयांची वाढ मंजूर केली. ती त्यांनी मिळवली आहे, कोणी दिलेली नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. दर्जा होता तोच आहे.

खरे तर या प्रश्नाचा अभ्यास होऊन निकालही लागलेला आहे. मे 2013 मध्ये पंचेचाळिसावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिन्ही बाजू जिथे एकत्र बसतात ती ही परिषद. आशा, अंगणवाडी सेविका, शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायका यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन द्यावे, सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस तिने केली. म्हणजे साथ येण्याच्या सात वर्षे आधी काय करायला हवे ते ठरलेले होते. ते तेव्हा झाले असते, तर 2020 च्या मार्चमध्ये गावोगावच्या वेशीवर उभी राहिलेली बाई नेमणूकपत्र, विमा आणि रजा असलेली कर्मचारी असती, आणि आज ज्या बचतीचे आपण कौतुक करत आहोत ती एक रुपयानेही झाली नसती.

त्या शिफारशीवर अंमल करायला आजही काही अडचण नाही. नेमणूकपत्र छापायला कागद लागतो, आणि वेतनाला अर्थसंकल्पात एक ओळ लागते. मात्र त्यातला धोका नागरिकांपासून लपवणे योग्य होणार नाही. आशाताई एकदा कर्मचारी झाल्या की त्यांच्या कामाला तास येतील. मुलीच्या अभ्यासाच्या वेळी मोबाइल मुलीकडे असेल. पुढच्या साथीत त्या फिरतील, याहून जास्त घरे फिरतील, पण पुरा मास्क आणि पुरे पैसे घेऊन फिरतील, आणि काम आटोपले की सहाच्या सुमाराला घरी जातील. आकडा कोणाला तातडीने हवाच असेल, तर त्याला सकाळपर्यंत थांबावे लागेल.